सोबतीचं कार्ड

६ मे

ताई,

फोन उचलला नाहीस म्हणून रागावले नाही. खरं तर बरंच झालं. मी दिवसभर फोनवरच असते. आमच्या हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात हल्ली माझ्याकडे एकच काम आहे. कॅन्सरच्या ज्या पेशंटना या नव्या विषाणूची लागण झाली, त्यांच्या घरी बरोबर तिसाव्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, "पेशंट कसे आहेत?" समोरचं माणूस गप्प झालं की उत्तर कळतं. फॉर्मवर खूण करायची आणि पुढचा नंबर लावायचा. संध्याकाळी तुला फोन केला तरी माझा आवाज तसाच निघतो. परवा तूच फिस्कारलीस ना, "मला फॉर्म भरल्यासारखं विचारू नकोस" म्हणून? तेव्हा आता पत्रं. दोन-तीन दिवसांत पोचतात आणि मध्येच कुणाला फोन आपटता येत नाही.

आईची पहिली केमो झाली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. सख्ख्या बहिणीकडून नाही, काकूंकडून! केमोच्या केंद्रात सोबतीला एकच माणूस आत सोडतात आणि त्याच्या नावाचं फोटो लावलेलं कार्ड करावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. कार्डावर तुझा फोटो झळकतोय म्हणे. हे कधी ठरलं? मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?

मी नऊ वर्षं कॅन्सरच्या हॉस्पिटलात काम करते आहे. तू लोकांना गाडी चालवायला शिकवतेस. आईच्या खुर्चीशेजारी दोघींपैकी कुणी बसायला हवं, हे रस्त्यावरच्या कुणालाही विचार.

आईला तोंड आलंय का? कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चारदा चुळा भरायला लाव. आणि हे मी सांगितलं असं तिला सांग, स्वतःच्या नावावर खपवू नकोस.

ठमी

१० मे

ठमे,

हो, मी गाडी चालवायला शिकवते, आणि म्हणूनच आई केंद्रात पोचते. बस बंद, टॅक्सीवाले पेशंट म्हटलं की काच वर करतात. शिकवणीच्या गाडीतून नेते तिला. ती शेजारी, माझ्या शिकवायच्या जागेवर बसते आणि तिथे पायाखाली जादा ब्रेक असतो, हे तुला माहीतच आहे. जाताना तिने दोनदा भर रस्त्यात तो दाबला. म्हणाली, "फार जोरात नेतेस." वेग तीसचा होता! पंधरा वर्षांत एकाही शिकाऊ माणसाने माझा असा पाणउतारा केला नव्हता.

कार्ड कधी ठरलं विचारतेस. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "सोबत कोण?" मी मागे वळून पाहिलं, तू काही दिसली नाहीस. मग माझंच नाव सांगितलं. यात कटकारस्थान काय शोधतेस?

चुळांचं नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्या नावावर कशाला खपवू? तसंही तुझ्या नावावर सगळं आपोआप जमा होतं. मी तिचे पाय चोळून देते, चादरी बदलते, ती ओकली की भांडं धरते आणि सकाळी डोळे उघडून ती पहिलं काय विचारते, तर "ठमीचं काही आलं का?" आणि मला काय हाक मारते? "मोठी." तुझ्यासाठी लाडाचं नाव सापडलं, माझ्यासाठी शोधायला कुणाला सवड झाली नाही. पंचेचाळीस वर्षं मी आपली आकारमानावर भागवते आहे.

आई दोन घास जास्त खाते आहे. तोंड आलेलं नाही. केस उशीवर सापडायला लागले, तर म्हणाली, "चला, कंगव्याची कटकट गेली." छापखान्यात जन्मभर मजकूर तपासला तिने, अजूनही औषधाच्या चिठ्ठीतल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करते.

तुझी आकाराने मोठी,
ताई

१४ मे

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुपारचा डबा खात होते. वाचून हसू आलं आणि मग पोटात दुखायला लागलं. ब्रेक, केस, पेन्सिल, सगळं तुझ्यासमोर घडतंय. मला ते तीन दिवसांनी शिळं मिळतं.

पण आता भांडण बाजूला ठेव आणि नीट वाच. आमच्या यादीत आजवर दोनशे बारा नावं झाली. कॅन्सर आणि वर हा विषाणू, अशी सगळी. त्यांतले त्रेपन्न जण तिसाव्या दिवशी नव्हते. म्हणजे चारांत एक. आणि सगळ्यांना धोका सारखा नाही. वय सत्तरीच्या पुढे, रोग एका जागेवर न राहिलेला, उठायबसायला आधार लागतो, पांढऱ्या पेशी घसरलेल्या, अशांची पानं मी वेगळी लावते. तो गठ्ठा जाड आहे. आई यातल्या कशाकशात बसते ते तूच बघ. मी पाहिलं, आणि त्या दिवशी मला पुढचा फोन लावता आला नाही.

उपचार थांबवा असं मी म्हणत नाही. गाठी पसरायला लागल्या तर विषाणूची वाटच बघायला नको. डॉक्टर केमो चालू ठेवताहेत ते बरोबर आहे. पण तिच्याजवळ जाणाऱ्या माणसाचा नुसता घसा खवखवला तरी त्याने लांब राहायला हवं. हे रोज पाहणारं माणूस तिच्याजवळ हवं. तुला हे कळत नाही असं नाही, पण तू बाजारात जातेस, पेट्रोल भरतेस, दहा ठिकाणी हात लावतेस.

आपण फेऱ्या वाटून घेऊ. पुढच्या दोन केमो तू, मग दोन मी. मला हक्क नाही का?

ठमी

१८ मे

ठमे,

आकडे वाचले. आईच्या शेजारी बसायला जागा एकाच माणसाची आहे, आणि तू दोनशे बारा माणसं बरोबर घेऊन आलीस! मी घाबरून खुर्ची सोडावी म्हणून ना? तुझं हे जुनंच आहे. लहानपणी तुला खिडकीची जागा हवी असली की तुला मळमळायचं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. दारातून आले की कपडे बदलते, कोपरापर्यंत हात धुते, बाजारात जाणं बंद केलं, भाजीही दारात ठेवून जायला सांगितली आहे. तुझी ती दोनशे बारा माणसं रोज माझ्या डोक्यात असतात, समाधान झालं?

फेऱ्याबिऱ्या नाही. कारण खरं तेच लिहिते, हसू नकोस. तू लहानपणी सतत आजारी. कधी कान, कधी छाती. आई कायम तुझ्या उशाशी. मी दारातून बघायची. मी कधी आजारी पडले नाही, कारण मला वाटायचं, आता पडून उपयोग नाही, जागा भरलेली आहे. आता पहिल्यांदाच आई पुरती माझ्या वाट्याला आली आहे. केंद्रात तीन-तीन तास आम्ही दोघीच. ती मला छापखान्यातल्या गमती सांगते, ज्या तुला माहीत नाहीत. कुणाला हे हलकटपणाचं वाटेल. वाटू दे. हे तीन महिने मी कुणाबरोबर वाटून घेणार नाही.

ताई

२३ मे

ताई,

ठीक आहे. तू सरळ बोललीस, मीही सरळ बोलते. तुझं पत्र वाचून मला इतका संताप आला की नवऱ्याने विचारलं, कोण गेलं? छापखान्यातल्या गमती! मला एकही का नाही माहीत?

मी केंद्राला लिहिलं आणि राखीव सोबती म्हणून माझं नाव नोंदवलं. नियम त्यांचाच आहे. कार्डवाल्या माणसाला ताप, खोकला किंवा घशाचं काहीही झालं, तर कार्ड त्याच दिवशी राखीव माणसाच्या नावावर होतं आणि उपचार संपेपर्यंत पुन्हा बदलत नाही. माझी रजा मंजूर आहे, प्रवासाचा परवाना आला आहे, बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

तेव्हा जपून राहा. चुकून कुठे शिंकू नकोस हं!

ठमी

३० मे

ठमे,

तुझी बॅग दाराशीच राहू दे, तिला तिथे वारा लागतो आहे.

कालची केमो पार पडली. दारात नेहमीसारखं ते ताप मोजायचं यंत्र कपाळासमोर धरलं आणि पहारेकऱ्याने तीन प्रश्न विचारले. ताप? खोकला? घसा? तीनदा नाही म्हटलं आणि आत गेलो. आवाज थोडा बसलाय, पण तो मधल्या दिवसांत औषधांच्या दुकानदाराशी वाद घालून. आईने विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

सुई टोचताना आईने माझा हात धरला तो तीन तास सोडला नाही. झोप लागली तरी सोडला नाही. माझी बोटं बधिर झाली, पण मी हलले नाही. जाग आल्यावर म्हणाली, "मोठी, तू आहेस म्हणून मी इथे येते, नाहीतर कधीच नको म्हटलं असतं." तुला कळावं म्हणून लिहिते.

घरी येताना तिने एकदाही ब्रेक दाबला नाही.

ताई

३ जून

ताई,

कळलं. तुला कळवायचं होतं ते बरोबर जागी लागलं.

तीन तास! माझा हात आईने शेवटचा कधी धरला ते आठवायला मी कालची अख्खी दुपार घालवली. माझ्या लग्नात फोटोवाल्याने धरायला लावला होता, तेवढाच. आणि तू आजारपणाचं म्हणालीस ना, तर ऐक. ती माझ्या उशाशी बसायची खरी, पण गुडघ्यावर छापखान्याचे कागद घेऊन. एक हात कागदावर, दुसऱ्या हातात पेन्सिल. माझ्यासाठी हात मोकळा नसायचाच. तू दारातून बघायचीस म्हणून तुला ते दिसलं नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चारही वेळा त्या हाताच्या ओळीपाशी येऊन थांबले. तू ते मुद्दाम तसं लिहिलंस आणि मला ते तितकंच लागलं. पुढच्या केमोला बघू.

ठमी

११ जून

ताई,

हे पत्र वॉर्डच्या सिस्टरकडे देते आहे. आत कागद जातो, बाहेर काही येऊ देत नाहीत, म्हणजे आज पहिल्यांदा तुला उलट उत्तर देता येणार नाही.

काकूंनी कळवल्यावर मी त्याच दिवशी निघाले. आईला ताप चढला, तपासणीत तुम्ही दोघीही बाधित निघालात, तुला हलकं आणि तिला ऑक्सिजन. सिस्टर म्हणाली, "एरवी या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाही. पण तुमच्या ताईंना लागण झालेलीच आहे, शिवाय त्यांचा ताप उतरलाय. म्हणून राहू दिलं, आम्हालाही माणसं कमीच पडतात." मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणाली, "तुम्ही ठणठणीत आहात ना? मग काचेच्या बाहेर."

राखीव कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. इथे ते कुणी बघतही नाही.

काल दुपारी दोन तास काचेबाहेर उभी होते. तू तिला चमच्याने पाणी पाजत होतीस. तुझी पाठ माझ्याकडे होती आणि तुझ्या पाठीमुळे आई दिसत नव्हती. मी काचेवर टकटक केली. तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. आज थोडं बाजूला सरकून उभी राहशील का? मी बाकी काही मागत नाही.

ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या वर राहतोय का ते बघत राहा. तिला पालथं झोपवत असतील तर उशी छातीखाली नीट लाव. घाबरू नकोस. चारांतले तीन जगतात, हेही मीच सांगितलं होतं.

ठमी

२६ जून

ठमे,

काल मला घरी सोडलं. तू परवाच परत गेलीस, मला न भेटता. काकू म्हणाल्या, तू आईच्या पलंगावरची चादर बदललीस, खिडक्या उघडल्यास आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवून गेलीस. सतरा तारखेला आई गेली तेव्हा तू काचेबाहेर होतीस हे मला माहीत आहे. मी वळून पाहिलं नाही.

तुला एक सांगायचं आहे. आधी ते सांगते, नाहीतर हे पत्र पुढे जाणार नाही.

अठ्ठावीस मेला माझा घसा धरला. कुठल्या दुकानदाराशी मी वाद घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कणकणत होतं. गोळी घेतली, ताप उतरला, दारातल्या यंत्रात काही आलं नाही. तीन प्रश्नांना तीनदा खोटं बोलले आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. मला कळत नव्हतं असं नाही. तुझे आकडे पाठ होते. पण मला विषाणूची भीती वाटत नव्हती, तुझी वाटत होती. वाटलं, एवढीशी कणकण आहे, आणि सांगितलं तर ठमीची बॅग भरलेलीच आहे. मास्कवर मास्क चढवला आणि मनाला समजावलं, भागेल. तीन तास तिने धरलेला तो हात तापातून नुकताच उतरलेला होता.

आणि वॉर्डात पाठ करून उभी राहत होते, ते मुद्दाम. तुझं पत्र मिळाल्यावरही सरकले नाही. तू दिसली असतीस तर तिने तुझ्याकडेच पाहिलं असतं.

त्याची शिक्षा मला तिथेच मिळाली. शेवटच्या चार दिवसांत तिला माणूस ओळखू येईना. माझ्या तोंडावर मास्क, डोक्याला टोपी, आवाज घोगरा. पहिल्या दिवशी म्हणाली, "ठमे, आलीस?" मी म्हटलं, "अगं, मी मोठी." तिचा चेहरा असा पडला की मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, "ठमे, आलीस?" मी म्हटलं, "आले गं."

मग ती तुझ्याशी बोलली. तीन दिवस, श्वास पुरेल तेवढं, थांबत थांबत. माझ्याकडे बघून तुझ्याशी. एक गोष्ट तर "मोठीला सांगू नकोस" म्हणून सांगितली. मी हो हो म्हणत राहिले आणि आतून जळत राहिले. खोटं बोलून, तिचा जीव धोक्यात घालून मी जी जागा राखली होती, तिथे ती मला बघतच नव्हती. आयुष्यात तुझा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता, आणि तू तर काचेच्या बाहेर उभी होतीस.

ती माझ्यामुळे गेली. तू हे काम करतेस, तुला नक्की माहीत असेल. सांग.

ताई

४ जुलै

ताई,

पाच दिवस तुझं पत्र घेऊन बसले आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. तुझ्यामुळे असेल. तसं असण्याची शक्यता जास्त आहे. केंद्रात त्या आठवड्यात आणखी दोन पेशंट आणि एक नर्स बाधित निघाली, म्हणजे तिथूनही असू शकेल. कुणालाच नक्की कळणार नाही. आमच्या फॉर्मवर वय असतं, रोग असतो, शेवटची केमो कधी झाली ते असतं. 'कुणामुळे' असा रकाना नाही. असता तर आईच्या फॉर्मवर मला दोन नावं लिहावी लागली असती.

कारण तुझ्या तीस मेच्या पत्रात लिहिलं होतं, 'आवाज थोडा बसलाय.' मी दिवसभर लोकांना तेच तीन प्रश्न विचारते, ताई. फोनवर नुसता श्वास ऐकून सांगते की तपासणी करून घ्या. आणि तुझी ती ओळ मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा पुढे गेले, कारण पुढच्या ओळीत आईने तुझा हात धरला होता. मला तेवढंच दिसलं. त्या दिवशी मी फोन केला असता आणि तुला शिव्या घालून आईची तपासणी करायला लावली असती, तर उपचार पाच दिवस आधी सुरू झाले असते. आणि 'शिंकू नकोस' असं मीच लिहिलं होतं ना? दुसऱ्या कुठल्याही घरात थोरल्या बहिणीने घसा धरल्याचं लपवलं नसतं. माझ्यासारखी धाकटी बॅग भरून बसली होती, म्हणून लपवलं.

आता माझं ऐक. काचेबाहेर उभी असताना मला काय वाटत होतं, ते कुणालाच सांगितलेलं नाही. मला तुझ्या तापाचाही हेवा वाटत होता. तुला लागण झाली म्हणून तू आत, मी धडधाकट म्हणून बाहेर. एका दुपारी मी मास्क काढून वॉर्डच्या दारापाशी उभी राहिले. आतून माणसं ये-जा करत होती आणि मी खोल श्वास घेत होते. सिस्टरने बघितलं आणि ओरडली. आकडे मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, तरीही. म्हणजे तुझ्या जागी मी असते तर मीही तीनदा नाही म्हटलं असतं. हे लिहायला पाच दिवस लागले.

माफीचं आत्ता विचारू नकोस. तू सरकली नाहीस, ते मला अजून सहन होत नाही. आईपेक्षा तुझी पाठच जास्त पाहिली मी. ती माझ्या डोळ्यांसमोरून जायला वेळ लागेल.

पण एक काम कर. आज दुपारीच बस आणि लिहायला घे. त्या तीन दिवसांत आई जे जे बोलली ते सगळं लिही, ती थांबली तिथे थांबून. 'मोठीला सांगू नकोस' म्हणाली तेसुद्धा. तुला लागेल असं काही असेल तरी लिही. तू तिथे होतीस, तू ऐकलंस, तिचं तोंड तू पुसलंस, ते सगळं तुझं. पण बोलली ती माझ्याशी. ते माझं आहे, ताई. मला ते हवं आहे. त्यातला एकही शब्द स्वतःकडे ठेवून घेऊ नकोस.

ठमी